रांग टाळायचा पास घ्यावा की नाही? गोव्यातून पहिल्यांदाच मोठ्या पार्कात निघालेल्यांसाठी

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाण्यासाठी संध्याकाळी कधी गाडी घेऊन थांबला असाल तर हे चित्र ओळखीचं आहे. पुढे वीस-पंचवीस चारचाक्या. फेरीबोट येते, मावतील तेवढ्या गाड्या घेते, उरलेल्यांनी पुढच्या फेरीची वाट बघायची. साखळी लावायच्या आधी बाजूने एक स्कूटर येते, दोन गाड्यांमधल्या फटीत शिरते आणि गाडीवाल्यांच्या आधी पलीकडे पोचते.

मनोरंजन पार्कातल्या रांगेचं जवळपास सगळं गणित एवढ्यात आलं. राइड म्हणजे फेरीबोट. तिच्या खुर्च्या ठरलेल्या, फेऱ्याही ठरलेल्या. वरचे पैसे देऊन रांग टाळायचा पास घेतल्याने खुर्च्या वाढत नाहीत, आधी कोण चढणार एवढंच बदलतं. म्हणून पास चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. तुम्ही जाणार त्या दिवशी तुमच्यापुढे किती गाड्या उभ्या असतील, हे बघायचं.

फोंड्याला आमच्या वाड्यावर दिवाळीच्या सुट्टीआधी कोणी ना कोणी विचारायला येतंच, ‘वहिनी, पास काढायचा की नको?’ मी यात दोन्ही बाजूंनी चुकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या खेपेला एका पार्काचे सहा पास आठ दिवस आधीच मोबाईलवर काढून ठेवले. दिवाळी होऊन गेली होती. आमच्या मुलांची सुट्टी चालू होती, तिकडच्या शाळा मात्र उघडल्या होत्या. मंगळवार. सगळ्यात मोठ्या राइडला दहा मिनिटांची रांग. सासूबाईंचाही पास काढला होता आणि त्या दिवसभर झाडाखालच्या बाकावर आमच्या पिशव्या सांभाळत बसल्या. पैसे परत मिळणार नाहीत असं तिकिटावर लिहिलेलं होतं, ते मी काउंटरवर वाचलं.

दोन वर्षांनी नाताळच्या आठवड्यात गेलो तेव्हा पास नकोच असं घरूनच ठरवून निघालो. दिवसभरात चार राइड झाल्या. बारा वर्षांचा भाचा ज्या राइडचे व्हिडिओ वर्षभर बघत होता, ती दुपारी बंद पडली. पुन्हा चालू झाली तेव्हा रांग दीड तासावर गेली होती आणि आम्हाला निघायचं होतं. पनवेल स्टेशनवर गाडीची वाट बघताना तो एक शब्द बोलला नाही. त्या रात्री मला पैसे वाचल्याचं अजिबात समाधान नव्हतं.

आधी तारीख ठरवा, पासाचं नंतर

इमॅजिका किंवा वंडरला यांच्या तोडीचं पार्क गोव्यात नाही. त्यामुळे आपण जातो ते बहुतेक खोपोलीजवळच्या इमॅजिकाला (२०१३ मध्ये सुरू झालं) किंवा बेंगळुरूला बिडदीच्या बाजूच्या वंडरलाला (२००५). कोणी कोचीच्या वंडरलाला जातात, ते २००० मध्ये वीगालँड या नावाने उघडलं होतं. या सगळ्या ठिकाणी गर्दी होते ती त्या त्या राज्याच्या सुट्ट्यांना, आपल्या सुट्ट्यांना नव्हे. गोवेकरांच्या हातातला हुकमाचा पत्ता हाच, आणि बरेच जण तो वापरत नाहीत.

३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, १९ डिसेंबरला मुक्तिदिन. आपल्याकडे शाळा-कचेऱ्या बंद. खोपोलीत आणि बेंगळुरूत मात्र हे कामाचे दिवस, शनिवार-रविवारी आले नाहीत तर. उलट १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते. दिवाळीच्या सुट्टीत बेंगळुरूला जायचं ठरवताना आपल्याला ते आठवतही नाही आणि नेमके त्याच दिवशी गेटवर उभे राहतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळीकडेच सुट्टी, त्यामुळे ते सोडा. चतुर्थीला आपल्या शाळा बरेच दिवस बंद असतात, पण त्या दिवसांत गोव्याचं घर सोडून कोण जाणार, म्हणून तो विषय राहू दे.

मंगळवार, बुधवार, गुरुवार हे दिवस बरे. सोमवारी आणि शुक्रवारी लांब वीकेंड धरून आलेले लोक सापडतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात. सकाळी पार्किंगमध्ये बसगाड्यांची ओळ दिसली की समजायचं. पण लांबच्या शाळांना अंधाराआधी परतायचं असतं, त्यामुळे उन्हं कलली की हा लोंढा ओसरतो.

जून-जुलैत खोपोलीला पाऊस आपल्यासारखाच कोसळतो. विजा चमकू लागल्या किंवा जोराची सर आली की उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवतात आणि सगळी माणसं आतल्या राइडकडे वळतात. अशा दिवसासाठी आधीच पास काढून ठेवला तर ज्या राइडसाठी काढला तीच बंद, असं होऊ शकतं.

आणि रात्रभर बसमध्ये अवघडून, पहाटे उतरून थेट पार्कात जाऊ नका. चोर्ला घाटातून बेळगाव, पुढे कोल्हापूर-साताऱ्यावरून गेलात किंवा कोकण रेल्वेने पनवेलला उतरलात, तरी एक रात्र नीट झोपा. पेंगुळलेल्या मुलाला पासाचा काही उपयोग नाही.

कोण कशात बसणार, हे घरीच ठरवा

पास माणशी असतो. म्हणून ‘आपण सहा जण’ असा हिशेब करू नका, ‘मोठ्या राइडमध्ये बसणारे किती’ असा करा. पार्कांच्या साइटवर प्रत्येक राइडची उंचीची अट दिलेली असते. मुलाला भिंतीला टेकवून उभं करा, बूट काढून, आणि टेपने मोजा. दोन-तीन सेंटिमीटर कमी पडत असतील तर गेटवर कोणी डोळेझाक करणार नाही, करूही नये. खांद्यावरून येणारा तो दांडा अंगाला नीट बसावा म्हणून ती अट असते.

उंची झाली, आता धीर. तो तपासायला एवढ्या लांब जायची गरज नाही. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसवा. पाळणा वर थांबला की मूल खाली बघून हसतं की आईचा हात घट्ट धरतं, ते दिसेल. पाण्याच्या घसरगुंड्या आवडतात का, हे हणजूणच्या स्प्लॅशडाऊनला एका दिवसात कळतं. माझी थोरली जत्रेत दोनदा पाळण्यात बसली आणि तिसऱ्यांदा नको म्हणाली. पुढच्या खेपेला तिचा पास काढला नाही, तिचीही तक्रार नव्हती.

आमच्या घरी आता सहापैकी तिघांचाच विचार होतो. बाकीचे छोट्या राइड, खेळ, खाणं यांत रमतात. सगळे दिवसभर एकत्र असलेच पाहिजेत हा हट्ट सोडला की खर्च निम्म्यावर येतो. जेवणाला भेटायची जागा आणि वेळ मात्र आधीच ठरवून ठेवा.

पास काय देतो ते वाचून घ्या

प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं. वंडरलात फास्टट्रॅक, सिंगापूरला सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये एक्स्प्रेस, डिस्नेत लाइटनिंग लेन. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत १९९९ मध्ये फास्टपास आला तेव्हा तो फुकट होता. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि दिलेल्या वेळेला यायचं. २०२१ मध्ये ती पद्धत गेली आणि त्या जागी पैसे देऊन पुढे जायची आली. त्यामुळे कोणी काका ‘आम्ही गेलो तेव्हा फुकट होतं’ म्हणाले तर ते खरंच सांगत असतात.

विकत घेण्याआधी एवढं विचारा. यात प्रवेशाचं तिकीट धरलंय की हे वरचे पैसे? कोणकोणत्या राइड, आणि आपल्या यादीतल्या त्यात आहेत का? प्रत्येक राइडला एकदाच की कितीही वेळा? सिंगापूरला हे दोन प्रकार वेगळ्या किमतीत मिळतात आणि घाईत चुकीचा घेतला जातो. पाण्याच्या राइड धरल्यात का? राइड बंद पडली तर काय? दाखवलेल्या किमतीत जीएसटी आहे का? पार्काच्या प्रवेशावर १८ टक्के लागतो, २०१८ च्या जानेवारीपर्यंत २८ टक्के होता. सहा जणांच्या बिलात हा आकडा लहान नसतो.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: पास त्या दिवशी आत गेल्यावर मिळेल का? मिळत असेल तर आधी काढूच नका. त्यांच्या नंबरवर फोन करून विचारा. नाताळचा आठवडा, दिवाळीचे मुख्य दिवस अशा वेळी संपून जाण्याची भीती खरी असते, तेव्हाच आधी काढावा.

तासाचा भाव काढा

पासाची किंमत प्रवेशाच्या तिकिटाशी ताडून बघितली की तो नेहमी महागच वाटतो. त्यापेक्षा पार्कातला एक तास तुम्हाला आधीच कितीला पडलाय, ते काढा.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. चौघांचं कुटुंब. प्रवास, एका रात्रीचं लॉज, तिकिटं, जेवण मिळून २४,००० रुपये. पार्कात हाती येणारे तास आठ. म्हणजे एक तास ३,००० रुपयांना पडला. पासाचे वरचे पैसे माणशी १,००० धरले तर चौघांचे ४,०००. पासामुळे तीन तास वाचणार असतील तर वाचलेला तास साधारण १,३३३ रुपयांना पडतो. घ्या. चाळीस मिनिटंच वाचणार असतील तर तोच तास ६,००० ला जातो. सोडून द्या.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. पनवेलचा किंवा पुण्याचा माणूस सकाळी निघून रात्री घरी येतो. त्याला लॉज नाही, लांबचा प्रवास नाही. त्याचा तास स्वस्त, आणि राहिलेल्या राइडसाठी तो पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ शकतो. म्हणून ‘आम्ही इतक्यांदा गेलो, कधी पास घेतला नाही’ हा तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला त्यांच्यासाठी बरोबर असतो, काणकोण किंवा पेडण्याहून निघालेल्या माणसासाठी नसतो. आपला तास महाग आहे. गर्दीच्या दिवशी आपण पास घेणं ही उधळपट्टी नव्हे.

आत गेल्यावर रांग मोजा

तीन तास वाचणार की चाळीस मिनिटं, हे कळायचं कसं? राइडच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवर वेळ असते, पण स्वतः मोजणं अगदी सोपं आहे आणि मुलांना ते फार आवडतं.

गेल्या खेपेला धाकटीला मोबाईलचं घड्याळ लावून दिलं आणि आम्ही मोठ्या राइडच्या कठड्याला टेकून उभ्या राहिलो. एक गाडी सुटली की तिने बटण दाबायचं, पुढची सुटली की पुन्हा. तीन मिनिटं. पुन्हा मोजलं, तीनच्या आसपास. एका गाडीत चोवीस खुर्च्या. म्हणजे तासाला वीस फेऱ्या, ४८० माणसं. मग नागमोडी रांगेची एक ओळ मोजली, तीस डोकी. अशा आठ ओळी. २४० माणसं पुढे, तासाला ४८० सुटतात, म्हणजे अर्धा तास. तिने हे आकडे माझ्या हातावर बोटाने लिहून दाखवले. रांगेच्या शास्त्रात यालाच लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली.

पण आमचा हिशेब चुकला. आम्ही पंचेचाळीस मिनिटं उभ्या राहिलो. का, ते टोकाशी पोचल्यावर दिसलं. वर चढायच्या जिन्याशी दोन वाटा एकत्र येतात, डावीकडे साधी रांग, उजवीकडे पासाची. मध्ये गणवेशातला एक मुलगा, हातात साखळी. उजवीकडे माणसं आली की साखळी डावीकडे ओढून आठ जणांना उजवीकडून सोडायचा, मग आमच्यातले सोळा. चोवीसपैकी आठ खुर्च्या पासाच्या, तर आमच्या वाट्याला तासाला ४८० नव्हे, ३२० उरल्या. म्हणून पंचेचाळीस मिनिटं. तेव्हापासून मी मोजलेल्या वेळेत निम्मी वेळ आणखी धरते.

तिथेच दुसरीही गोष्ट कळते: पासाची रांग किती मोठी आहे. गर्दीच्या दिवशी पास भरपूर विकले गेले असतील तर उजवीकडेही वीस मिनिटं जातात. तुमचा फायदा म्हणजे दोन रांगांमधला फरक. डावीकडे पंचेचाळीस, उजवीकडे वीस, तर वाचली पंचवीस मिनिटं. आपल्या यादीतल्या पाच मोठ्या राइडना ती लावून बघा, दोन तासांच्या वर गेलं तर काउंटरकडे चला. माझा नियम एवढाच: पहिल्या तासानंतर तीन मोठ्या राइडच्या रांगा चाळीस मिनिटांच्या वर दिसल्या तर पास, नाहीतर नाही.

साखळी ओढली गेली तेव्हा आमच्या पुढचा एक लहान मुलगा वडिलांना विचारत होता, ‘ते मागून येऊन पुढे कसे गेले?’ हा प्रश्न तुमच्या घरातलं मूलही विचारेल, साध्या रांगेत असलात तरी आणि पासाच्या असलात तरी. मी माझ्या मुलींना खरं ते सांगते. तिरुपतीला ३०० रुपयांच्या दर्शनाची वेगळी रांग असते, तसंच हे. पार्काने उघडपणे विकलेली जागा आहे, त्यात लबाडी नाही. लबाडी वेगळी: एकाला रांगेत उभं करून मागाहून ‘आमची माणसं पुढे आहेत’ म्हणत दहा जण घुसतात, ती. त्यांनी न दिलेली किंमत मागच्या प्रत्येकाच्या वेळेतून जाते. पास असो वा नसो, आपल्या मुलांना ते करू देऊ नका.

पास घेतला तर

प्रत्येक राइडला एकदाच चालणारा पास असेल तर तो सकाळी वापरू नका. गेट उघडल्यावर पहिल्या तासात सगळ्यात मोठ्या राइडकडे सरळ चालत जा आणि साध्या रांगेने बसा, तेव्हा ती रिकामीच असते. पास बारा ते चारसाठी राखून ठेवा, त्या वेळेत रांग शिगेला असते. पासाचा मनगटावरचा बँड सैल असेल तर पाण्याच्या राइडआधी घट्ट करून घ्या, हरवला तर दुसरा मिळेलच असं नाही.

नाही घेतला तर

लवकर पोचा, गेट उघडायच्या अर्धा तास आधी. तिकीट मोबाईलवर तयार असू दे, म्हणजे काउंटरची रांगही चुकते. बहुतेक जण प्रवेशद्वाराजवळच्या पहिल्या राइडला थांबतात. तुम्ही सगळ्यात आतल्या टोकाला जा आणि तिथून परत या. जेवण पावणेबाराला किंवा अडीचनंतर. पाण्याच्या बाजूला लोकांचा ओघ गेला आणि जमिनीवरच्या मोठ्या राइडच्या रांगा आखडल्या असं दिसलं, तर तेव्हा तिकडे वळा.

आणि ती फटीतली स्कूटर आठवा. सिंगापूरच्या युनिव्हर्सलसारख्या ठिकाणी काही राइडना एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग असते. तिघांचा गट बसला आणि चौथी खुर्ची रिकामी राहिली की त्या रांगेतला एक जण बोलावतात. वेगळे पैसे नाहीत. जिथे अशी रांग नाही तिथेही साखळीजवळचा मुलगा बऱ्याचदा ‘एकटं कोणी आहे का?’ असं ओरडतो. कुटुंबातले दोन मोठे, वेगवेगळं बसायला तयार असतील, तर हात वर करा. लहान मुलांना मात्र असं एकटं पाठवू नका.

शेवटचा तास सोडू नका. बंद व्हायच्या सुमारास बसवाले शिट्ट्या वाजवत असतात, मुलं पेंगत असतात, माणसं फाटकाकडे चालू लागतात. राइड मात्र चालूच असतात. ज्या राइडला पंचेचाळीस मिनिटं रांगेत उभ्या राहिलो होतो, तिला आम्ही संध्याकाळी पुन्हा गेलो. नागमोडी कठड्यांतून सरळ चालत जिन्यापर्यंत पोचलो. साखळी खांबाला अडकवून ठेवलेली होती. धाकटीने घड्याळ लावलं होतं: चार मिनिटं. उतरल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि आम्ही तशाच वळून पुन्हा रांगेत शिरलो.